कंट्रोलची गल्ली

राजानंद हिवाळे यांनी एकतीस वर्षं जाफराबादच्या एका कॉलेजात परीक्षानळ्या धुतल्या. हुद्दा प्रयोगशाळा परिचर. पोरं त्यांना मामा म्हणायची, आणि पोरांचं ऐकून ऐकून प्राध्यापकही मामाच म्हणायला लागले. टेंभुर्णीहून सकाळच्या एसटीनं जायचं, खाकी कोट अंगात घालायचा आणि संध्याकाळपर्यंत काच फुटू द्यायची नाही, एवढं त्यांचं काम. पण मामांनी त्याला आणखी एक काम स्वतःहून जोडून घेतलं होतं. लंबकाचा प्रयोग न करताच एखाद्या पोरानं वहीत नऊ पूर्णांक आठ उत्तर लिहिलं, की मामा फडका खांद्यावर टाकून त्याच्याजवळ यायचे.

"दोरी कुठं बांधली व्हती?"

पोरगं इकडंतिकडं बघायचं.

"रीडिंग चुकलं तर चालतं बाबा. न घेता लिव्हलं तर बिलकुल चालत न्हाई."

असा माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसला. घरात धुवायला परीक्षानळ्या नव्हत्या. पहिल्या महिन्यात त्यांनी मसाल्याच्या डब्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या. हळदीच्या डब्यावर 'हळद' लिहिलेलं बघून त्यांच्या बायकोनं, द्वारकाबाईंनी, कपाळावर हात मारला. "आवो, हळद कळती की मला. तीस वर्षं काय डोळे झाकून टाकत व्हते का?"

दुसऱ्या महिन्यात विहारातल्या एका ओळखीच्या माणसानं सुचवलं, म्हणून मामा दहा दिवसांच्या ध्यानशिबिराला निघाले. दहा दिवस मौन.

"दहा दिवस बोलायचं न्हाई, अन् त्याच्यासाठी एवढ्या लांब जायचं?" द्वारकाबाई म्हणाल्या. "घरीच बसा. मी बोलते, तुम्ही गप ऱ्हावा. तसंबी तेच चालू हाय."

मामा गेले. पहिले सहा दिवस गुडघे दुखले. सातव्या दिवशी गुडघ्यांचं दुखणं ओलांडून त्यांचं मन एकदम जगाकडं गेलं. टीव्हीवर दररोज दिसणाऱ्या लढाया, दरसाल वाढत चाललेलं ऊन, आटलेल्या विहिरी, वर चढणारा समुद्र. समुद्र टेंभुर्णीपासून चारशे किलोमीटर लांब होता, पण मामांना त्याचीही काळजी वाटली. हे सगळं माणसाच्या मनातून निघतं, हे त्यांना त्या दिवशी पटलं. लोभ मनात, राग मनात. बॉम्ब आणि धूर मागाहून येतात. मग दवा पण मनालाच पाहिजे. शेवटच्या दिवशी शिबिरात मैत्री भावना शिकवली. डोळे मिटून बसायचं आणि सगळे प्राणी सुखी होवोत, शांत होवोत, असं आतून चिंतायचं. मामांना वाटलं, दवा सापडली.

जालन्याहून परत येताना ते काळी-पिवळी जीपमध्ये बसले. चौदा माणसं आणि एक मिरचीचं पोतं. पोतं एका माणसाचं आणि ज्या पायावर ते ठेवलं होतं तो पाय दुसऱ्याचा. दोघांची जुंपली. मामांनी डोळे मिटले आणि दोघांकडं मैत्री पाठवायला सुरुवात केली. दहा मिनिटांत जीप शांत झाली. मामांच्या अंगावर काटा आला. डोळे उघडून बघतात तर पोतंवाला फाट्यावर उतरून गेलेला.

आता दुसरा कुणी असता तर त्यानं गावभर सांगितलं असतं की माझ्या ध्यानानं भांडण मिटलं. मामांची मात्र पंचाईत झाली. तो माझ्या मैत्रीनं गप झाला, का उतरला म्हणून गप झाला? टेंभुर्णी येईपर्यंत हा प्रश्न त्यांना पोत्यासारखा पायावर जड होऊन राहिला.

दुसऱ्या दिवशी ते गावातल्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवणाऱ्या भावना मॅडमकडं गेले. भावना मॅडम कधीकाळी मामांच्याच प्रयोगशाळेत शिकलेल्या. न घेतलेलं रीडिंग लिहिताना दोनदा पकडल्या गेलेल्या. मामांनी जीपची हकीकत सांगितली.

"मामा, एका जीपवरून काय कळणार?" मॅडम म्हणाल्या. "तुलना लागते. एकसारख्या दोन जीपा घ्यायच्या. एकीला मैत्री द्यायची, दुसरीला नाही. दुसरीला कंट्रोल म्हणतात, तुम्हाला तर माहीतच आहे."

"दोन जीपा कुठून आणू?"

"मग दोन गल्ल्या घ्या."

मामा खुर्चीवरून उठलेच. जगाच्या संकटावर उपाय खरा का खोटा, हे टेंभुर्णीतच समजणार होतं.

घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "उद्यापासून सकाळी सहा ते सात मी मैत्री भावनेला बसतो."

द्वारकाबाई भाकरी थापता थापता थांबल्या. "भावना मॅडमचं लगीन झालंय. एक लेकरू हाय त्यांना. अन् ही मैत्री कोन?"

हे निस्तरायला अर्धा तास गेला. तवा तेवढ्यात तापून धूर सोडू लागला.

मामांचा लहानपणापासूनचा दोस्त म्हणजे रामप्रसाद. कपाशी आणि सोयाबीनची शेती, गावच्या भजनी मंडळाचा पखवाज, आणि प्रत्येक गोष्टीत काहीतरी खोट काढायची हौस. त्याच्या ओट्यावर बैठक बसली. मामा, रामप्रसाद आणि भावना मॅडम. पहिलाच प्रश्न मॅडमनी टाकला, "भांडण मोजायचं तर भांडण म्हणजे काय, हे आधी ठरलं पाहिजे."

"भांडण म्हंजे भांडण," रामप्रसाद म्हणाला. "ते काय सांगावं लागतं?"

"नवरा-बायकोचं धरायचं का?"

"ते धरलं तर वह्या पुरायच्या न्हाईत, मॅडम."

बरीच घासाघीस होऊन व्याख्या ठरली. आवाज तिसऱ्या घरी ऐकू गेला पाहिजे. दोन्ही बाजूंनी किमान दोनदा बोलणं झालं पाहिजे. एकटंच कुणी ओरडत असेल तर ते भांडण नाही, तो त्रागा. आणि मागच्या पिढीतल्या कुणाचा तरी उद्धार झाला पाहिजे. गल्ल्या दोन निवडल्या, टाकीची गल्ली आणि बाजारगल्ली. दोन्हीत चाळीस-चाळीस घरं, दोन्हीत सगळ्या जातीधर्माची माणसं, दोन्हीला चौथ्या दिवशी नळ. मामा आणि रामप्रसाद दोघंही तिथं राहत नव्हते, हे मॅडमना विशेष आवडलं. नाणं उडवून मैत्री टाकीच्या गल्लीला लागली. बाजारगल्ली कंट्रोल.

"आमचं भजन बी त्याच्यात धरा," रामप्रसाद म्हणाला. "तुम्ही मैत्री सोडा, आम्ही नाम सोडतो. डबल असर."

मॅडम म्हणाल्या, एका प्रयोगात दोन औषधं नको. कशानं गुण आला ते कळत नाही.

रामप्रसादचा चेहरा पडला. "म्हंजे तुमचं ते विज्ञान अन् आमचं ते आवाज?"

मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू माझ्याजवळ येऊन बस. तोंड बंद ठेव. मनात काय म्हणतो, ते मोजायचं यंत्र कॉलेजात बी नव्हतं."

हे रामप्रसादला मान्य झालं. राहिला प्रश्न नोंद कोण करणार याचा. भांडणाची खबर गावात सगळ्यात आधी ज्यांना लागते अशा दोनच बाया होत्या. टाकीची गल्ली द्वारकाबाईंकडं दिली. बाजारगल्ली रामप्रसादच्या बायकोकडं, दुर्गाबाईंकडं. मैत्री कोणत्या गल्लीला जाते, हे त्या दोघींना सांगायचं नाही, असा मॅडमचा कडक नियम. कळलं की हात आपोआप एकीकडं झुकतो म्हणाल्या.

"जन्मात एकदा काही काम सांगितलं," द्वारकाबाई म्हणाल्या, "ते बी अर्धं!" पण वही घेतली.

पहिले दोन आठवडे नुसती मोजणी. टाकीच्या गल्लीत एकोणीस भांडणं, बाजारगल्लीत एकवीस. मॅडमना आकडे जवळजवळ सारखे वाटले. मग ठरल्याप्रमाणे तीन आठवड्यांसाठी विहारात बैठक सुरू झाली. मामा, रामप्रसाद आणि विहारात नेमानं येणारी तीन म्हातारी माणसं, असे पाचजण सकाळी सहाला टाकीच्या गल्लीकडं तोंड करून बसू लागले. रामप्रसादचा पाय पखवाजाच्या सवयीनं ठेका धरायचा. मामा एक डोळा उघडून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवायचे आणि परत जगाकडं वळायचे.

आठवडा संपला. टाकीच्या गल्लीत चार भांडणं. बाजारगल्लीत दहा.

मामांनी वही तीनदा तपासली. आठवड्याला साडेनऊवरून चार! म्हणजे अठ्ठावन्न टक्के घट. त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशोब मांडला. एका गल्लीत दोनशे माणसं धरली, तर जगातली आठशे कोटी माणसं म्हणजे चार कोटी गल्ल्या. गल्लीमागं पाचजण बसले तर वीस कोटी.

"महाराष्ट्र पुरत न्हाई," ते रामप्रसादला गंभीरपणे म्हणाले. "मध्य प्रदेश घ्यावा लागतो."

"ते येतील का?"

"सकाळी एक तासाचा तर प्रश्न हाय."

त्याच भरात त्यांनी जालन्याच्या एका संस्थेला पत्र टाकलं. विश्वसंकट निवारण परिषद असं तिचं नाव. अध्यात्म आणि विज्ञानाचा मेळ घालून जगाची संकटं दूर करायची, असं त्यांच्या पत्रकात लिहिलेलं मामांनी पाहिलं होतं. पत्रात त्यांनी पहिल्या आठवड्याचे आकडे दिले आणि खाली लिहिलं, 'प्रयोग चालू आहे'. हे खालचं वाक्य पुढं कुणी वाचलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात बातमी फुटली. कशी फुटली हे कुणीच कबूल केलं नाही. द्वारकाबाई म्हणाल्या, कॅलेंडरमागचा हिशोब वाचला खरा, पण मी फक्त दुर्गाबाईला सांगितलं. दुर्गाबाई म्हणाल्या, मी तर फक्त नळावर बोलले.

मंगळवारी सकाळी मामा विहारातून घरी येतात तर दारात पंधरा-वीस बाया उभ्या. पुढं बाजारगल्लीतली शालू. शालूचं बसस्टँडवर चहाचं दुकान होतं आणि आवाज असा, की तिसऱ्या घराची अट तिच्यासाठी कमीच होती.

"मामा, आमच्या गल्लीनं काय पाप केलं?"

"काय झालं?"

"टाकीच्या गल्लीला मैत्री आल्ती म्हंतात. आमच्या वाट्याची कुठं गेली?"

"ती योजना न्हाई शालूबाई. ती..."

"मंग आधार कार्डाची झेराक्स कशाला लागती?"

"कुणी मागितली झेराक्स?"

कुणीच मागितली नव्हती. पण अर्ध्या बाया घेऊन आल्या होत्या. मामांनी सगळ्यांना ओसरीवर बसवलं आणि शक्य तितक्या सोप्या भाषेत समजावलं. एका गल्लीला द्यायचं असतं, दुसरीला द्यायचं नसतं. बाजारगल्ली ही कंट्रोलची गल्ली आहे.

हे बोलायला नको होतं. टेंभुर्णीत काय, सगळ्या तालुक्यात कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान.

शालू उठून उभी राहिली. "आमची गल्ली कंट्रोलमधी हाय, तर गहू कुठंय?"

"गव्हाचा काही संबंध न्हाई."

"कंट्रोलमधी हाय म्हनता अन् गव्हाचा संबंध न्हाई म्हनता! दोन महिने झाले आमाला तांदूळच देऊन राह्यले. म्हंजे गहू बी टाकीच्याच गल्लीला?"

मागून एक म्हातारी म्हणाली, "साखर बी आल्ती म्हंतात."

मामांनी हात जोडले. एकतीस वर्षांत प्राध्यापकांनी हजारो पोरांना कंट्रोलचा अर्थ सांगितलेला त्यांनी ऐकला होता. एकानंही गहू मागितला नव्हता. बाया निघून गेल्या, पण बाजारगल्लीत त्या दिवसापासून भांडणांना ऊत आला. कुणाच्या चुकीनं आपली गल्ली मैत्रीतून सुटली, यावर घराघरांत जुंपली. दुर्गाबाईंची वही भरली आणि त्यांनी दुसरी मागितली. आठवड्याचा आकडा तेवीस.

टाकीच्या गल्लीत मात्र फक्त दोन.

"बघ," मामा रामप्रसादला म्हणाले. पण म्हणताना त्यांना स्वतःलाच काहीतरी खटकलं. सर्जेराव आणि वसंता या दोन शेजाऱ्यांत न्हाणीच्या पाण्यावरून दिवसाआड भांडण व्हायचं. पहिल्या दोन आठवड्यांतली सहा भांडणं एकट्या त्या दोघांची. आणि आता आठ दिवसांत एकही नाही? मामांना एवढं स्वच्छ रीडिंग आवडलं नाही. ते दुपारी टाकीच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले.

थोड्या वेळानं सर्जेराव बाहेर आला. मागोमाग वसंता. दोघं मुकाट्यानं चालत बसस्टँडपर्यंत गेले. तिथं लिंबाच्या झाडाखाली पोचल्याबरोबर सर्जेरावनं वसंताच्या आज्यापासून सुरुवात केली. वसंतानं सर्जेरावच्या चुलत्याला घेतलं. वीस मिनिटं दणदणीत भांडण झालं. मग दोघांनी शालूच्या दुकानात अर्धा-अर्धा कप चहा घेतला आणि परत निघाले.

मामा आडवे गेले. "हे काय चालू हाय?"

सर्जेराव ओशाळला. "मामा, गल्लीत भांडलं की वहीत येतं. आपल्या गल्लीचं नाव खराब व्हायला नको ना. तुम्ही सगळे रोज सकाळी एवढे बसून राह्यले आमच्यासाठी."

"म्हणून इथं येऊन भांडता?"

"गल्लीच्या मीटिंगमधी ठरलं तसं," वसंता म्हणाला. "दोघा-तिघांनी शेतं धरली, आम्हाला बसस्टँड जवळ पडतं."

मामा तिथंच लिंबाखालच्या दगडावर बसले. त्यांना एकीकडं रडू येत होतं आणि एकीकडं हसू. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून अख्खी गल्ली उन्हातान्हात लांब जाऊन भांडत होती. हे मैत्रीचं काम म्हणावं, का नाही म्हणावं? वहीत यासाठी रकाना नव्हता.

त्यांनी भावना मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमनी दोन्ही वह्या चाळल्या. मग म्हणाल्या, "मामा, चूक माझी पण आहे. आपण माणसांवर प्रयोग केला आणि माणसांना विचारलंच नाही."

"थांबवायचा का?"

"एक आठवडा राहिलाय. नियम मोडून थांबवला तर तेही चुकीचं. पूर्ण करू, आणि जे झालं ते सगळं लिहू."

तिसऱ्या आठवड्यातला रविवार हा नळाचा दिवस होता. दोन्ही गल्ल्यांचा पाण्याचा कॉक टाकीजवळ एकाच ठिकाणी. आधी टाकीची गल्ली, मग बाजारगल्ली, असा रिवाज. सकाळी सातला पाचजण ध्यानातून उठत होते, तेवढ्यात टाकीकडून असा गलका आला की विहारातली कबुतरं उडाली. मामा तसेच अनवाणी धावले.

शालू कॉकवर पाय देऊन उभी होती. मागं बाजारगल्लीच्या घागरी आणि बादल्या. "मैत्री तुमची, गहू तुमचा, आज पानी आधी आमचं!"

समोर टाकीची गल्ली. सगळ्यात पुढं सर्जेराव आणि वसंता, खांद्याला खांदा लावून. एका बाजूनं भांडायची दोघांची ती पहिलीच वेळ असावी. वसंता थांबला की सर्जेराव उचलत होता, सर्जेरावला दम लागला की वसंता. दोन्ही गल्ल्यांच्या पाच-पाच पिढ्या त्या सकाळी वर आल्या. गर्दीच्या एका कडेला द्वारकाबाई आणि दुर्गाबाई वह्या घेऊन उभ्या, आणि त्यांचं त्यांचं वेगळंच चाललेलं.

"हे माझ्या वहीत येतं. टाकी माझ्या हद्दीत हाय."

"सुरुवात शालूनं केली. शालू माझी हाय."

"मंग अर्धं अर्धं घे की!"

"भांडण काय भाकर हाय अर्धं करायला?"

मामा मध्ये शिरले. दोन्ही हात वर केले. कुणी बघेना. त्यांनी शांतपणे "ऐका, ऐका" म्हणून पाहिलं. कुणी ऐकेना. आणि मग एकतीस वर्षांत ज्यांनी फुटलेल्या चंचुपात्रावरून सुद्धा आवाज चढवला नव्हता, ते राजानंद हिवाळे पोटाच्या देठापासून ओरडले, "गप बसा सगळे! तीन आठवडे झाले, मी तुमच्यासाठी मैत्री करून राह्यलो, अन् तुम्ही! तुमच्या बापजाद्यांनी कधी..."

आणि थांबले. सगळी माणसं त्यांच्याकडं बघत होती. लांब कुठंतरी घागरीत पाणी पडल्याचा आवाज येत होता, कारण भांडणाच्या धांदलीत कॉक कुणीतरी मध्येच उघडला होता आणि दोन्हीकडं थोडं थोडं पाणी चाललं होतं.

शालू हळूच म्हणाली, "पन आम्ही तर काहीच म्हनलं न्हाई तुम्हाला, मामा."

द्वारकाबाई पेन्सिल घेऊन पुढं आल्या. "तुमचं कोणत्या गल्लीत धरू?"

"आवाज तिसऱ्या घरी गेला का?" मामांनी खाली मान घालून विचारलं.

"पार बाजाराच्या पलीकडं गेला."

"दोनदा बोललो का?"

रामप्रसाद धापा टाकत मागून आला होता. तो म्हणाला, "समोरून कुणी बोललंच न्हाई, राजा. म्हंजे हे भांडण न्हाई. हा त्रागा."

"लिही," मामा म्हणाले. "वेगळ्या पानावर लिही, पण लिही."

जालन्याहून फोन आला तो त्यानंतर चौथ्या दिवशी. परिषदेचे संयोजक प्रेमजी बोलत होते. त्यांचं पूर्ण नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. आवाज मधात बुडवून काढल्यासारखा. "हिवाळे सर, तुमच्या पत्रानं आम्ही भारावून गेलो आहोत. येत्या रविवारी परिषद आहे. तुम्ही आलंच पाहिजे."

मामांना आयुष्यात पहिल्यांदा कुणी सर म्हणालं होतं. नवा पांढरा शर्ट शिवला. रामप्रसाद फेटा बांधून निघाला आणि भावना मॅडमही सोबत आल्या. मंगल कार्यालयाच्या दारातच मोठा फलक लागलेला: 'टेंभुर्णीचा चमत्कार! ध्यानाने भांडणे ५८ टक्के घटली! विज्ञानाचे शिक्कामोर्तब!'

मामांनी फलक दोनदा वाचला. त्यांनी प्रेमजींना बाजूला गाठलं आणि तिन्ही आठवड्यांच्या वह्या दाखवल्या. बसस्टँड सांगितलं, गहू सांगितला, टाकी सांगितली. प्रेमजींनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं.

"सर, तुम्ही पहिलाच आठवडा सांगा. तो तर खरा आहे ना?"

"खरा हाय. पण पुरा न्हाई."

"लोकांना आशा द्यायची असते, सर. जग किती संकटात आहे, बघता ना? एवढ्या मोठ्या कामात दोन आठवडे इकडंतिकडं झाले तर काय बिघडलं?"

मामांनी वह्या मिटून काखेत घेतल्या. त्यांना वाटलं, आपणही त्या आशेसाठीच तर सहाला उठत होतो. मंचावर त्यांच्या आधी एका गृहस्थांनी अणूचा केंद्रक आणि आत्मा एकच कसा, हे पाऊण तास सांगितलं. रामप्रसादनं तेवढ्यात एक डुलकी काढली. मग मामांचं नाव पुकारलं.

माईक त्यांच्या उंचीपेक्षा वर होता. तो कुणी खाली केला नाही, म्हणून ते टाचा उंचावून बोलले.

"जय भीम, राम राम, नमस्कार. बाहेर जो फलक हाय, तो एक आठवड्याचा हाय. आता मी बाकीचे दोन सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. काहीही न सोडता, नावं तेवढी वगळून. कंट्रोलच्या गव्हाला पहिल्यांदा हशा आला, बसस्टँडला तर लोक खुर्च्यांवर पुढं सरकून हसू लागले. स्वतःचा त्रागाही मामांनी शब्दन् शब्द सांगितला. प्रेमजींनी 'वेळ संपली' अशी चिठ्ठी पाठवली. मामांनी ती वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि टाकीजवळच्या घागरींपर्यंतचं सगळं पूर्ण केलं.

"तर प्रयोगातून काही सिद्ध झालं न्हाई," ते म्हणाले. "मैत्रीनं भांडण कमी होतं का, मला माहीत न्हाई. होत न्हाई, असं बी म्हणता येत न्हाई, कारण आमची मांडणीच बिघडली. एवढंच."

मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं हात वर केला. "मंग एवढं बसून फायदा काय झाला, भाऊ?"

मामांनी डोकं खाजवलं. ते बोटांवर काहीतरी मोजायला लागले, आणि सभागृह थांबून राहिलं.

"आम्ही पाचजण एकवीस दिवस, दररोज एक तास बसलो. म्हंजे एकशे पाच तास. तेवढ्या वेळात आम्हा पाचातला कुणीच कुणाशी भांडला न्हाई. आता त्याच्यात हा रामप्रसाद बी व्हता." त्यांनी पहिल्या रांगेकडं बोट दाखवलं. "एवढं रीडिंग मात्र मी सोता घेतलं. हे पक्कं हाय."

रामप्रसादनं उभं राहून सभेला फेट्यासकट नमस्कार केला. टाळ्या बऱ्याच वाजल्या. प्रेमजींनी वाजवल्या नाहीत. निघताना मामांना शाल मिळाली नाही. बाकी सगळ्या वक्त्यांना मिळाली. जीपमध्ये भावना मॅडम म्हणाल्या, "मामा, तुमच्या जागी मी परत पकडली गेले असते. तुम्ही मात्र बरोबर लिहिलंत." मामांना ते शालीपेक्षा बरं वाटलं, पण शालही मिळाली असती तर चाललं असतं, असं त्यांनी घरी द्वारकाबाईंना सांगितलं.

त्यानंतर बाजारगल्लीनं अर्ज दिला. तोंडी नाही, शालूच्या अक्षरात, बेचाळीस सह्यांचा. 'आम्हाला मैत्री पाहिजे. नुसती पाठवू नका, शिकवा.' भावना मॅडम म्हणाल्या, आता शिकवा. दोन्ही गल्ल्यांना शिकवा. मग परत कधी मोजायचं झालं तर कंट्रोल कुठून आणायचा, असं मामांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, त्याचं नंतर बघू.

सोमवारी सकाळी विहारात सतरंजी कमी पडली. बाजारगल्लीच्या नऊ बाया, टाकीच्या गल्लीतले सर्जेराव आणि वसंता एकमेकांपासून दोन हात अंतर ठेवून, आणि सगळ्यांच्या मागं, 'मी नुसती बघायला आले' म्हणत द्वारकाबाई. मामांनी कसं बसायचं ते दाखवलं. श्वास कसा बघायचा ते सांगितलं. मग म्हणाले, "आता ज्या माणसाचा आपल्याला राग हाय, त्याला डोळ्यापुढं आणा. अन् त्याचं भलं चिंता."

विहारात शांतता झाली. वसंतानं एक डोळा उघडून सर्जेरावकडं पाहिलं आणि पुन्हा मिटला. थोड्या वेळानं शालूनं कुजबुजत विचारलं. तिची कुजबुज बाहेरच्या ओट्यापर्यंत गेली.

"मामा, माझे सात झाले. सगळे संगट घेऊ का एकेक?"

मामा डोळे मिटूनच म्हणाले, "एकेक घ्या. घाई न्हाई."